मातीच्या पाखरांसाठी काडतुसं

आयुष्यभर काय केलंत, असं कुणी विचारलं तर मी सांगते, बंदुकीची काडतुसं भरली. समोरचा माणूस जरासा मागे सरकतो आणि मग मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळतो. नऊवारीतली, चष्मा लावलेली म्हातारी. या अंकासाठी लिहा म्हणून सांगायला आलेल्या मुलालाही मी हेच सांगितलं. त्याला वाटलं मी थट्टा करते आहे.

थट्टा नव्हे. आमचं नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. गावात अब्बासभाई नावाच्या बोहरा व्यापाऱ्यांचं दुकान होतं. पुढे खिळे, बिजागऱ्या, कुलपं आणि मागच्या खोलीत परवान्याच्या बंदुका. त्या मागच्या खोलीत माझे यजमान मिस्त्री होते. त्यांचं नाव दामोदर. ते असेपर्यंत मी कधी उच्चारलं नाही, आता कागदावर लिहिताना हात अडखळतो. बंदुकीचा मोडलेला दस्ता बसवणं, घोडा सैल झाला तर घट्ट करणं, नळीतला गंज काढणं आणि काडतुसं भरणं ही त्यांची कामं.

काडतूस भरणं म्हणजे काय ते सांगते, कारण लोकांना वाटतं ते कारखान्यातूनच येतं. येतं, पण त्या वर्षांत परदेशी माल जवळजवळ बंद झाला होता आणि देशी माल परवान्यावर मोजून मिळे. म्हणून उडवलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी लोक फेकत नसत. जाड कागदाची पुंगळी, बुडाशी पितळेची वाटी आणि वाटीच्या मधोमध छोटी टोपी. बंदुकीचा खिळा त्या टोपीवर आदळला की ठिणगी पडते. उडालेल्या टोपीवर खिळ्याचा खड्डा दिसतो. ती टोपी ठोकून काढायची, नवी बसवायची, मग मापानं दारू, तिच्यावर नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, चकत्या, त्यांच्यावर छर्रे, वर पुठ्ठ्याचं झाकण. शेवटी पुंगळीचं तोंड आत मुडपायचं. करंजीला मुरड घालतो तसंच. मुरड सैल पडली तर करंजी तेलात फुटते. काडतुसाचंही काहीसं तसंच.

आमची गिऱ्हाइकं बहुतेक शेतकरी. उसात डुकरं शिरतात म्हणून बंदूक. वर्षाकाठी मूठभर काडतुसं त्यांना पुरत. एकच गिऱ्हाईक निराळं होतं. सारंगखेड्याचे नरोत्तमभाई.

नरोत्तमभाई गुजर. तापीकाठी केळी आणि कापूस, घरात खाऊन-पिऊन सुख. त्यांना उडत्या पाखरावर नेम धरायचा भारी नाद होता. पण त्यांच्या आईच्या गळ्यात माळ होती. मारलेलं पाखरू उंबऱ्याच्या आत आणलंस तर मी बाहेर जाईन, असं तिनं बजावलं होतं. ते बडोद्याला नातलगांकडे गेले असताना त्यांनी मातीच्या चकत्यांची नेमबाजी पाहिली. बशीएवढी चकती यंत्रानं हवेत भिरकावतात आणि ती खाली यायच्या आत फोडायची. पाप नाही आणि नाद पुरा होतो. गावी परतताच त्यांनी शहाद्याच्या लोहाराकडून मोटारीच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचं चकती फेकायचं यंत्र करून घेतलं आणि कुंभाराला नदीच्या गाळाच्या पातळ बशा थापायला बसवलं. पहिल्या बशा इतक्या पक्क्या निघाल्या की छर्रे लागूनही फुटेनात. नंतरच्या बशा यंत्रातच फुटल्या. कुंभार कंटाळून म्हणाला, भाऊ, ह्यापेक्षा गाडगी फोडा. पण अखेर जमलं. नदीच्या गाळाच्या मळईला लागून त्यांचं पडीक शेत होतं, तिथे दर रविवारी आजूबाजूचे बंदूकवाले जमू लागले. नेम धरून "सोड" म्हणायचं, की चकती सुटे.

या खेळाला काडतुसं लागतात ती ढिगानं आणि सगळी सारखी. डुकरावर झाडायचं काडतूस थोडं कमी-जास्त भरलं तरी चालतं. इथे एक हलकं, एक भारी निघालं तर नेमबाजाचा हातच बिघडतो. ह्यांना त्या कामाची गोडी लागली. बारीक, मोहरीएवढे छर्रे, बेताची दारू, सगळ्या मुरडी एका घडणीच्या. ते घरी आले की जेवताना काडतुसांबद्दलच बोलत. मी हूं हूं करत असे. तेव्हा मला टोपी आणि छर्रा यांतला फरकही ठाऊक नव्हता. आमची कमल तीन वर्षांची होती आणि मला तिच्यातून डोकं वर काढायला फुरसत नसे.

संयुक्त महाराष्ट्र झाला, त्याच्या आदल्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. नरोत्तमभाईंनी गोणीभर रिकाम्या पुंगळ्या पाठवल्या. रविवारी सुरतेहून पाहुणे येणार होते, त्याआधी भरून हव्या होत्या. त्या गोणीत एक पुंगळी अशी होती, जी उडालेलीच नव्हती. काडतूस ओलीनं फुगलं होतं, नळीत जाईना, म्हणून नरोत्तमभाईंनी घरीच चाकूनं कापून त्यातले छर्रे आणि दारू काढून घेतली आणि रिकामी पुंगळी इतरांत टाकून दिली. तिच्या बुडाची टोपी जिवंत होती.

ह्यांचा नियम असा, की टोप्या ठोकून काढायच्या त्या खोलीत दारूचा डबा उघडायचा नाही. त्या दिवशी घाई होती म्हणून दोन्ही कामं एकाच खोलीत चालली होती. आणि प्रत्येक टोपीवर खड्डा आहे ना, हे बघूनच हातोडी मारायची हा दुसरा नियम. तोही त्या एका पुंगळीपुरता चुकला.

मी घरी ज्वारी निवडत होते. स्फोटाचा आवाज आमच्या गल्लीपर्यंत आला नाही. अब्बासभाई स्वतः आले, अनवाणी. ते नुसते दारात उभे राहिले, तेव्हाच मी सूप खाली ठेवलं.

धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात आम्ही बरेच दिवस होतो. हात बरे झाले. चेहऱ्यावरची कातडी बरी झाली. डोळे गेले. डॉक्टर चांगले होते, त्यांनी खोटी आशा लावली नाही. पट्ट्या असतानाच नरोत्तमभाई भेटायला आले. ते धिप्पाड गृहस्थ, खाटेच्या पायथ्याशी टोपी हातात घेऊन उभे राहिले आणि आमच्या अहिराणीत म्हणाले, "दामू, ती पुंगयी मन्ही व्हती. मीच कापेल व्हती."

मला तोवर हे माहीत नव्हतं. माझ्या हातातलं भांडं मी भिंतीशी नेऊन ठेवलं, कारण ते माझ्याकडून फेकलं गेलं असतं.

हे म्हणाले, "पुंगयी तुमनी, भाई. पन खड्डा दखानं काम मन्हं व्हतं."

एवढंच. त्या विषयावर त्या दोघांत पुन्हा शब्द निघाला नाही. पण माझ्या मनात तो विषय मिटला नाही. त्या दिवसापासून मी नरोत्तमभाईंशी बोलले नाही. आमच्याकडे बाईमाणसानं परक्या पुरुषाशी फारसं बोलू नये असा रिवाजच, त्यामुळे हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. रिवाजाचा मला तेवढा एक उपयोग झाला.

घरी आल्यावर हे खाटेवर बसून राहत. अब्बासभाई पगार पाठवत होते, पण तो ह्यांना टोचे. एक दिवस म्हणाले, दुकानातून काडतुसं भरायची हत्यारं मागव आणि तू बस माझ्यासमोर. मला वाटलं दुःखानं डोकं फिरलं. मी रडले, भांडले. ज्या वस्तूनं घर बुडवलं तिला हात लावू कशी? त्यांनी मला बोलू दिलं. मग म्हणाले, माझे हात आहेत, डोळे नाहीत. तुझ्याकडे दोन्ही आहेत. मी नुसता बसलो तर मरेन. असं ते मोठ्यानं म्हणाले नाहीत, भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तसं म्हणाले. म्हणून मी घाबरले आणि कबूल झाले.

शिकवायला ते फार कडक होते. पहिले कितीतरी दिवस दारू बघायलाही मिळाली नाही. नुसत्या पुंगळ्या हातात घ्यायच्या, टोपी उजेडात धरायची आणि तोंडानं म्हणायचं, खड्डा आहे. पुढची घ्यायची, खड्डा आहे. न म्हणता पुंगळी खाली ठेवली की त्यांना कळे. मग दारूऐवजी खसखस घेऊन माप भरायचं. माप ढिगानं नाही, पट्टीनं सपाट करायचं. पट्टी फिरल्याचा आवाज ते ऐकत. भरलेलं काडतूस कानाशी हलवत आणि सांगत, चकती तिरपी बसली आहे. मी उघडून बघे, तर खरंच तिरपी. माझा संताप होई, आणि खरं सांगायचं तर थोडा आनंदही. त्या तासाभरात ते आंधळे नसत.

अब्बासभाई सुरुवातीला कचरले. परवाना त्यांचा, पोलिसांना काय सांगायचं? शेवटी त्यांनीच फौजदारांना बोलावून मला काम करताना दाखवलं. फौजदारांनी माझ्याकडे, मग ह्यांच्याकडे बघितलं आणि कामगारांत माझं नाव घालायला सांगून निघून गेले. जाताना दारातून परत वळले आणि बाई, जपून, एवढं म्हणाले.

भरलेलं काडतूस उडवून बघितल्याशिवाय विकता येत नाही. पहिली खेप घेऊन आम्ही सारंगखेड्याला गेलो. दोंडाईच्यापर्यंत रेल्वे, पुढे एस.टी. नरोत्तमभाई शेतात बंदूक घेऊन उभे होते. पहिलं काडतूस आपणच उडवायचं, असं त्यांनी आधीच ठरवलं होतं. बंदूक माझी, म्हणाले.

ह्यांनी हात पुढे केला. "आना आठे. पहिलं मी उडाडसू."

नरोत्तमभाई ऐकेनात. कुणीतरी म्हणालं, झाडाला बांधून दोरीनं घोडा ओढू. ते शहाणपणाचं होतं, पण ह्यांना पटलं नाही. माझ्या बायकोनं भरलेलं काडतूस दोरीनं उडवलं, तर उद्या खांद्याला लावून कोण उडवील, असा त्यांचा सवाल होता. आणि मग डोळ्यांवर बोट ठेवून ते हळूच म्हणाले, "भाई, मन्हा डोया तं गयातच. तुमना दोन्ही शेतस, त्या ऱ्हाऊ द्या."

नरोत्तमभाईंनी बंदूक दिली. मागे उभं राहून ह्यांच्या खांद्यांना धरलं, नळी नदीपलीकडच्या मोकळ्या आभाळाकडे वळवली. स्वतःचा चेहरा मात्र बाजूला नेला नाही, ह्यांच्या गालाजवळच ठेवला. ते मी पाहिलं. पाहिलं आणि मला ते नको होतं. त्या माणसाबद्दल काही बरं मनात यायला नको होतं.

काडतूस उडालं. धूर नदीवर गेला. हे आवाजाच्या दिशेनं नव्हे, तर माझ्या दिशेनं वळून म्हणाले, "चांगलं भरेल शे."

तिथून पुढे आठ-नऊ वर्षं मी काडतुसं भरली. खापर गावचं एक गिऱ्हाईक बाईनं भरलेलं नको म्हणून रागानं परत गेलं आणि डुकरांनी उसाची वाट लावल्यावर निमूट आलं. धडगावकडचे पावरा जमातीचे एक पाटील यायचे, त्यांना असले प्रश्नच पडत नसत. भाकर बाई करते, मग हे का करू नये, म्हणायचे. सगळ्यांत वेगळा एक घोड्यांचा व्यापारी. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडी विकत घेण्याआधी ती आवाजाला बुजते का हे त्याला बघायचं असे. त्याच्यासाठी मी छर्रे न घालता नुसत्या आवाजाची काडतुसं भरायची. तो बार काढी आणि हे घोडीच्या मानेवर तळवा ठेवून उभे राहत. घोडी जागची हलली नाही तरी तिच्या कातडीखाली काय झालं ते ह्यांना समजे. भाव त्यांच्या शब्दावर ठरे.

त्याच यात्रेत ते दरवर्षी कमलसाठी बांगड्या घेत. कासार माप विचारी, तेव्हा हे बोटांनी गोल करून दाखवत. तो गोल कधी मोठा झाला नाही. कमल सहावीत गेली तरी ह्यांच्या डोळ्यांपुढे ती तीन वर्षांचीच होती. कमल त्या बांगड्या घेई, हातात वाजवून दाखवी आणि डब्यात ठेवी. मी एकदा माप सांगायला तोंड उघडलं, तर पोरीनंच माझा हात दाबला.

रविवारी मात्र हे खुलत. नरोत्तमभाईंच्या शेतात बाभळीखाली बाज टाकलेली असे. हे तिथे बसून कान देत. बार ऐकून काडतूस कसं होतं ते सांगत, आणि चकती मधोमध फुटली की कडेला नुसता टवका उडाला, तेही सांगत. नरोत्तमभाई चुकले की हे हसत, आणि त्या हसण्यासाठी नरोत्तमभाई कधीकधी मुद्दाम चुकत असावेत असा मला संशय आहे. ते माझ्याशी बोलायला बघत. वहिनी, प्रवास ठीक झाला ना, वहिनी, केळी घेऊन जा. मी पदर पुढे ओढून ह्यांच्याकडे बघे आणि हे माझ्या वतीनं उत्तर देत. मी केळी घेत असे. बोलत नसे.

मग तापीला तो मोठा पूर आला. सुरतेपर्यंत हाहाकार झाला, तोच. पाणी ओसरल्यावर आम्ही सारंगखेड्याला गेलो. केळी आडवी झालेली, तिच्यावर गाळ. नदीकाठचं ते पडीक शेत राहिलंच नव्हतं. बाभूळ, यंत्र, चकत्यांची छपरी, सगळं वाहून गेलं आणि काठ तुटून नदी आत सरकली होती. ह्यांनी पाय पुढे टाकला तसं नरोत्तमभाईंनी त्यांना दंडाला धरून थांबवलं. हे म्हणाले, किती आत आली? नरोत्तमभाईंनी सांगितलं, सगळीच आली.

पुन्हा नवीन जागा बघू, असं एक-दोघं म्हणत राहिले. पण केळी उभी करायची की चकत्या फोडायच्या? नेमबाजी थांबली ती थांबलीच. उसाच्या डुकरांसाठी थोडी काडतुसं मी भरत होते, पण त्यात कान देऊन ऐकण्यासारखं काही नव्हतं. हे पुन्हा खाटेवर बसू लागले. रविवार आला की सकाळीच आंघोळ करून, टोपी घालून बसत आणि दुपार झाली की टोपी काढून ठेवत. पुढच्या हिवाळ्यात छातीत कफ झाला. डॉक्टरांनी सुया दिल्या. फार त्रास न होता गेले, असं लोक म्हणतात. मला तसं म्हणवत नाही. त्यांना त्रास नऊ वर्षं आधीच झाला होता.

नरोत्तमभाई पहिल्या दिवशी आले आणि नंतर रोज येत राहिले. सुतकातल्या घरी माणसं येतात, भिंतीला टेकून बसतात, उठून जातात. ते बसूनच राहत. बाराव्या-तेराव्याचे पाहुणे गेल्यावरही एका सकाळी आले. कमल शाळेत गेली होती. घरात मी एकटी. दार उघडं ठेवून मी आतल्या चौकटीशी बसले, ते बाहेरच्या खोलीत. मग ते जमिनीकडे बघत म्हणाले, "वहिनी, गाया दे, पन एकदाव बोल. इतला वरीस व्हयनात."

शिव्या दे, पण बोल, म्हणत होते. इतक्या वर्षांच्या शिव्या माझ्याजवळ होत्या, पाठ केलेल्या. दवाखान्यातल्या, बांगड्यांच्या, रविवारच्या टोपीच्या. त्यांतली एकही तोंडाशी येईना. ज्याला त्या देण्याचा हक्क होता तो ह्याच माणसाचे हात खांद्यांवर घेऊन बार काढून गेला होता. मी पदर पुढे ओढला. त्यांनी मान हलवली, जणू हेच अपेक्षित होतं, आणि उठायला लागले. भिंतीवर आमच्या लग्नातला फोटो होता, काळा-पांढरा, हे कॅमेऱ्याकडे डोळे वटारून उभे. नरोत्तमभाई त्याच्यासमोर थांबले.

"फोटूत समजत नही," ते म्हणाले. "त्याना डोया घारा व्हतात ना वं?"

मी दचकले. नऊ वर्षं मी मिटलेल्या पापण्याच पुसत आले होते. त्याआधीचे डोळे कसे होते, हे मी विसरून गेले होते. आणि हा माणूस विसरला नव्हता. त्यानं सांगताच ते मला दिसले, उन्हात मधासारखे होणारे, हत्याराला धार लावताना बारीक केलेले.

"हां, भाई," मी म्हटलं. "घारा व्हतात."

ते पुन्हा खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. मी चौकटीपाशीच होते. उठून त्यांना पाणी दिलं आणि त्यांचं रडणं संपेपर्यंत तिथेच बसले.